दोघांचाच बँड: हॅमॉकसारखा की स्टार्स ऑफ द लिडसारखा?

भाचा आणि त्याचा दोस्त, दोघंही गिटारवाले. ड्रम्स नाहीत, गाणारा नाही. डिले-रिव्हर्ब, म्हणजे सुराला प्रतिध्वनी आणि घुमारा देणारे इफेक्ट, लावून लांबच लांब सूर धरायचे. आता दोस्ताला पुण्यात नोकरी लागलीय आणि पुढं कसं करायचं हे मला विचारलं गेलं, कारण आमच्या खानदानात असलं ऐकणारा मी एकटाच. बहीण म्हणते, "भजनाला निदान शेवट तरी असतो."

मी त्यांच्यापुढं असंच संगीत करणाऱ्या दोन अमेरिकी जोड्या ठेवल्या.

हॅमॉक म्हणजे मार्क बर्ड आणि अँड्र्यू थॉम्पसन. मुक्काम नॅशव्हिल, दोघांचाही. पहिला अल्बम 'केनॉटिक' २००५ चा. तेव्हापासून वर्षा-दोन वर्षांत काहीतरी येतच राहिलंय, पुढं तर स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच रेकॉर्ड कंपनीकडून. २०१२ चा 'डिपार्चर साँग्ज' दुहेरी अल्बम आहे, ड्रम्ससकट, थेट छातीला भिडणारा. बर्डच्या नात्यातला एक तरुण मुलगा गेला, त्यानंतर 'मिस्टेरियम' (२०१७), 'युनिव्हर्सालिस' (२०१८) आणि 'सिलेन्शिया' (२०१९) अशी तीन अल्बमची मालिका झाली. मैफली मात्र मोजक्याच. पहिली २००७ मध्ये आर्कन्सॉमधल्या हॉट स्प्रिंग्जला, म्हणजे पहिल्या अल्बमनंतर दोन वर्षांनी. सोलापुरात असल्या संगीताला स्टेज कुठं मिळणार, म्हणून रडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

स्टार्स ऑफ द लिडचं सगळंच उलटं. ब्रायन मॅकब्राइड आणि अ‍ॅडम विल्ट्झी यांनी १९९३ च्या सुमारास ऑस्टिनमध्ये सुरुवात केली. पुढं शिकागोच्या क्रँकी लेबलनं त्यांना सांभाळलं. नंतर एक लॉस एंजेलिसला, दुसरा ब्रसेल्सला. मध्ये अख्खा अटलांटिक. पण त्यांचे सगळ्यात मोठे अल्बम पाहा: २००१ चा 'द टायर्ड साउंड्स ऑफ' दोन तासांचा, २००७ चा 'अँड देअर रिफाइनमेंट ऑफ द डिक्लाइन'ही तसाच. ड्रमचा एक ठोका नाही. गिटार इतकी ताणलेली, की तिच्यात आणि व्हायोलिनमध्ये फरक कळेनासा होतो.

आणि पोटापाण्याचं? मॅकब्राइड विद्यापीठात वादविवादाचा कोच होता. विल्ट्झी दुसऱ्या एका मोठ्या बँडच्या मैफलींचा साउंड सांभाळायचा. बर्ड चर्चमध्ये गायली जाणारी गाणी लिहीत असे. नोकरी लागली म्हणजे संगीत संपलं, हे भाच्याच्या दोस्तानं कुठून आणलं देव जाणे.

मग कुणासारखं? अंतराचा प्रश्न मला खोटा वाटतो. पुणं हुतात्मा एक्स्प्रेसनं चार तासांवर आहे, दोस्त काही ब्रसेल्सला चालला नाही. खरा प्रश्न आवाजाचा. भाच्याची खोली सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीपलीकडं यंत्रमाग. हॅमॉकसारखं भरगच्च वाजवलं तर खडखडाट त्यात बुडून जातो. स्टार्स ऑफ द लिडचा ऐकू येईल न येईल असा सूर धरला, की माईकमध्ये आधी मागाचाच खडखडाट येतो. पंख्याचाही आवाज येतो, पण मे महिन्यात पंखा बंद करून बघा, बोटं तारांवरून घसरतील.

दुसरं, वयाचं. बाविसाव्या वर्षी स्टार्स ऑफ द लिडसारखे सहा-सहा वर्षं एकाच अल्बमवर बसलात तर तो पुरा व्हायच्या आधी बँड संपेल. स्टार्स ऑफ द लिडचाही २००७ नंतर नवा अल्बम आला नाही आणि २०२३ मध्ये मॅकब्राइड गेला. संथपणाची किंमत असते. ऐकणारा म्हणून मी कधीही तेच दोन तास लावीन. करणाऱ्यांना मात्र हॅमॉकचाच वेग सुचवीन: छोटं करा, स्वतःच बाहेर काढा, लगेच पुढचं घ्या. दोस्त एकदा पुण्यात रुळला, की लांब सुराची देवाणघेवाण आपोआप सुरू होईल, तेव्हा दुसरी वाट धरा.

भाच्याला हे निम्मंच पटलंय. "मामा, आम्हाला दोन तासांचंच करायचंय," म्हणतो. तरी एवढं ठरलं: दोस्त जायच्या आधीचे तीन रविवार नान्नजकडच्या एका शेतावर. तिथं माग नाहीत. लाइट गेली तर मात्र बोंब, म्हणून इन्व्हर्टर त्यांचा आणि गाडी माझी.