बरडावरचं गवत: ठेवायचं, मोडायचं की झाडं लावायची?

विदर्भात गावोगावी असा एखादा तुकडा असतोच: मुरमाड, उताराचा, पावसाळ्यात पवण्या-मारवेल गवतानं भरलेला आणि एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेला. कुठं ते स्वतःचं वावर, कुठं गावची ई-क्लास, म्हणजे गुरचराईची सरकारी जमीन. सोयाबीनला भाव चढला की तिथं नांगर घालावासा वाटतो, लागवडीची योजना आली की खड्डे खणावेसे वाटतात. पैशाचा आणि चाऱ्याचा हिशेब घरोघरी होतोच. इथं मांडतोय तो कर्बाचा, म्हणजे कार्बनचा.

गवतानं हवेतून ओढलेला बराचसा कर्ब मुळ्यांत उतरतो. बहुवर्षायू गवताच्या काही मुळ्या दरवर्षी मरतात, जिवाणू त्या खातात, आणि उरलेला अंश चिकणमातीच्या कणांना धरून बारीक ढेकळांत अडकून राहतो. तिथं हवा कमी पोचते म्हणून तो टिकतो. नांगर-वखर ही ढेकळं फोडतात, जिवाणूंना मोकळी हवा मिळते, आणि साठलेला कर्ब वायू होऊन निघून जातो.

नुकसान किती? २००२ मध्ये गुओ आणि गिफर्ड या संशोधकांनी ७४ शोधनिबंध एकत्र तपासले. कुरण मोडून पीक घेतलं तिथं मातीतला कर्ब सरासरी ५९ टक्के घटला होता. उलट पिकाच्या जमिनीचं कुरण केलं तिथं वाढ फक्त १९ टक्के. हे आकडे जगभरातले आहेत, तुमच्या मुरमाला तसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण दिशा तीच. एकराच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन ढोबळमानानं ८०० टन धरतात. सेंद्रिय कर्ब ०.५ वरून ०.४ टक्क्यावर आला, तर ८०० किलो कर्ब, म्हणजे जवळपास ३ टन कार्बन डायऑक्साइड गेला.

त्यात सोयाबीन म्हणजे चार महिन्यांचं पीक. दिवाळीच्या आसपास वावर मोकळं होतं, पाण्याची सोय नसेल तर जूनपर्यंत उघडंच, आणि कुटारही (मळणीनंतरचा भुसा) बहुधा वावराबाहेर जातं. बरडावर उतारा तसाही बेताचा. माझ्या मते हा सौदा सरळ तोट्याचा आहे.

झाडांचं प्रकरण इतकं सोपं नाही. राज्यात २०१९ साली ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं, आणि मोकळी जागा दिसली की लाव झाड, ही सवय आपल्याला लागलीच आहे. वरच्याच आढाव्यात पिकाच्या जमिनीवर लागवड केली तिथं मातीतला कर्ब १८ टक्के वाढला. कुरणावर केली तिथं १० टक्के घटला. ही घट मुख्यतः पाइनच्या लागवडीतली. रुंद पानांच्या झाडांखाली विशेष फरक दिसला नाही. म्हणजे चांगल्या गवतावर साग-सुबाभूळ लावून खोडात कर्ब साठेल, पण मातीत भर पडेलच असं नाही, शिवाय खड्डे-चर खणताना गवत उखडतं ते वेगळंच. तेव्हा झाडं धुऱ्यावर (बांधावर) आणि आधीच नांगरून थकलेल्या वावरात लावा.

उरली चराई. ढोरं सोडणं मुळात वाईट नाही. पण पहिल्या पावसाबरोबरच रोज कळप सुटला तर कोवळी पानं खाल्ली जातात, मुळ्यांना उभारी मिळत नाही, बी धरत नाही. हळूहळू मारवेल जाऊन तरोटा आणि रानतुळस माजते. पावसाळाभर चराईबंदी ठेवून नंतर कापणी केलेली बरी. काही पट्टे बी गळेपर्यंत उभे ठेवा आणि गोठ्यातलं शेणखत थोडं तरी परत तिथंच टाका, कारण कापलेल्या गवताबरोबर कर्बही बाहेर जातो. वाळलं गवत पेटवू नका: मुळं वाचतात, पण वरचा कर्ब हवेत जातो आणि पहिल्या वळवाला जमीन उघडी सापडते.

गवत उभं असेल तर माझा कौल राखीव कुरणाला. नांगरून झालेल्या तुकड्याला गवत आणि झाडं दोन्ही चालतील; घरी ढोरं असतील तर गवत.

फरक पडतोय का हे पाहायचं तर एप्रिल-मेमध्ये दरवेळी त्याच जागेची, तितक्याच खोलीची माती तपासणीला द्या आणि अहवालात सेंद्रिय कर्बाचा रकाना बघा. चुनखडीतला कर्ब त्यात धरू नका. वर्षभराच्या फरकावर विसंबू नका, चार-पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून पाहा.