पाच महिने आयएनए२२६ चा बोर्ड वापरल्यावर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. २४ व्होल्टच्या डीसी मोटरी दुरुस्त करून, लोडवर चालवून बघूनच गिऱ्हाइकाला देतो. करंट आणि पॉवर कॉम्प्युटरवर सलग दिसावी म्हणून आयएनए२२६ या मोजणी करणाऱ्या चिपचा इव्हॅल्युएशन बोर्ड (चिप वापरून बघायचा तयार बोर्ड) घेतला. रोज वापरतो, आणि मनापासून आवडलाय. पण पहिला आठवडा डोक्याला ताप झाला, तो सॉफ्टवेअरमधल्या एका रकान्यापायी.

ही चिप करंट थेट मोजत नाही. करंट ज्यातून जातो त्या शंटच्या, म्हणजे अगदी कमी ओहमच्या रेझिस्टरच्या, दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजते, २.५ मायक्रोव्होल्टच्या पायरीने. शंट किती ओहमचा, हे आपण सांगायचं. माझ्याकडे त्या रकान्यात २ मिलीओहम भरलेलं होतं. एक अँपिअरच्या लोडला पाच दिसायला लागले! सप्लाय तपासला, वायरी बदलल्या. शेवटी भिंग लावून शंटवर पाहिलं, तर बारीक अक्षरात ‘आर०१०’. म्हणजे १० मिलीओहम.

मग हिशेब हातानेच केला. करंटची पायरी, म्हणजे आकडा कमीत कमी जितक्याने बदलतो ते माप, ०.२५ मिलीअँपिअर धरली. ती ०.०१ ओहमने गुणायची आणि त्या गुणाकाराने ०.००५१२ ला भागायचं: २०४८. हा आकडा कॅलिब्रेशन रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या आकडा ठेवायच्या कप्प्यात, जातो. पॉवरची पायरी करंटच्या २५ पट, म्हणजे ६.२५ मिलीवॉट. भरवशाच्या मीटरवर ५.०० असताना बोर्ड ५.०७ दाखवत होता, म्हणून त्याच प्रमाणात उतरवून २०२० लिहिलं. आता दोन्ही जुळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगं म्हणालं, “दादा, ह्यो शून्यच दाखवतोय की.” व्होल्टेज २४ बरोबर, करंट मात्र शून्य. बोर्डाची वीज गेली की कॅलिब्रेशन रजिस्टर शून्यावर येतं, आणि मग करंट, पॉवर दोन्ही शून्य. तेव्हापासून नियमच केलाय: रजिस्टर परत वाचून २०२० दिसल्याशिवाय मोटर जोडायची नाही.

अ‍ॅव्हरेजिंग, म्हणजे किती मोजण्यांची सरासरी दाखवायची ते, आधी १०२४ ठेवलं होतं. आकडा अगदी स्थिर, पण तो बदलायला सव्वादोन सेकंद. मोटर सुरू होतानाचा झटका त्यात विरून जायचा, आणि बुशिंग धरलेली मोटर ओळखायची ती त्या झटक्यावरूनच. आता १६ ठेवतो, दर ३५ मिलीसेकंदांना नवा आकडा. कार्बन ब्रशचा खडखडाट थोडा दिसतो, चालतं.

एक काळजी नक्की घ्या. चिपची मर्यादा ३६ व्होल्टची आहे आणि मोटरचं कनेक्शन तोडताना लाइनवर व्होल्टेज उसळतं. मी सप्लायवर असं उसळलेलं व्होल्टेज दाबणारा टीव्हीएस डायोड लावलाय.

कमी पडतं ते मोठ्या मोटरींना. आठ अँपिअरच्या जरा वर गेलं की आकडा तिथेच अडकतो. त्यासाठी २ मिलीओहमचा शंट आणून ठेवलाय. पायरी १.२५ मिलीअँपिअर धरली की आकडा पुन्हा २०४८ च येतो. रविवारी सोल्डर करून आधी पाच अँपिअरवर मीटरशी ताडून बघणार.