मुरबाडच्या जागेला जीआय अँगलचं कुंपण : दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

मुरबाडच्या जागेला जीआय अँगलचं, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या एल आकाराच्या लोखंडी खांबांचं कुंपण टाकलं त्याला आता दोन पावसाळे उलटले. पहिला पावसाळा संपला तेव्हा भेटेल त्याला मी सांगत होतो, लोखंडी खांबांच्या भानगडीत पडू नका, सरळ सिमेंटचे पोल उभे करा. आता तसं सांगत नाही. ठेकेदाराबद्दल तेव्हा जे बोलत होतो ते मात्र आजही बोलतो, उलट थोडं जास्तच. 40 बाय 40 चा अँगल आणि बारा गेजची काटेरी तार ज्यांना समजावून सांगावी लागत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोणता खांब घ्यावा यावर सगळे बोलतात. तो जमिनीत कसा जातो, यावर कोणी बोलत नाही.

जागा वडिलोपार्जित, पाऊण एकराच्या आसपास, मुरबाडहून माळशेजकडे जाताना आत. वरचा भाग वरकस, म्हणजे हातभर मुरूम आणि खाली कातळ. खालचा भाग भाताची खाचरं, चिकण माती, जून ते ऑक्टोबर पाण्यात. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण या दोन जमिनींमुळे झालं. वडिलांच्या वेळचे लाकडी खांब होते. अर्धे वाळवीने खाल्ले, उरलेले एका उन्हाळ्यात डोंगरावरून वणवा उतरला त्यात गेले. चुलते म्हणत होते शेराच्या झुडपांचं कुंपण लाव, फुकटात होईल. पण शेर वाढेपर्यंत गावातली मोकाट गुरं माझी आंब्याची कलमं ठेवणार होती थोडीच! सिमेंटचा पोल टिकाऊ, पण चार इंची आठ फुटी पोल साठेक किलोचा. आमच्या जागेपर्यंत टेम्पो जात नाही, शेवटचा पल्ला बांधावरून डोक्यावर. अँगल एक माणूस तीन-चार घेऊन चालतो. हिशोब तिथेच संपला.

माल मी स्वतः कळंबोलीच्या लोखंड बाजारातून उचलला, नगावर नाही, वजनावर. यात माझी मास्तरकी चालेल. 40 बाय 40 बाय 5 चा (सगळे आकडे मिलिमीटरमध्ये, शेवटचा जाडीचा) अँगल मीटरला 3 किलो भरतो, म्हणजे आठ फुटी खांब सव्वासात किलोच्या पुढे. तोच 4 मिलिमीटरचा असेल तर सहा किलोच्या आत येतो. रंगवल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही, काट्याला कळतो. गावाकडच्या दुकानात नगावर जो ‘पाचचा’ अँगल स्वस्तात मिळत होता तो मी ताणकाट्याला लावला आणि दुकानदाराचा चेहरा बघितला. तीच गोष्ट ‘जीआय’ची. चंदेरी रंग मारलेला काळा अँगलही जीआय म्हणून विकला जातो. थिनरमध्ये चिंधी भिजवून घासा. चिंधी चंदेरी झाली तर तो रंग. खरा जस्ताचा थर असा पुसला जात नाही. वितळलेल्या जस्तात, साडेचारशे अंशांच्या आसपास, लोखंड बुडवून काढतात तेव्हा तो लोखंडाशी एकजीव होतो. तारेसाठीची भोकं आणि खालचा पाय फाकवणं हे सगळं बुडवण्याआधी करून घ्या. मी करून घेतलं होतं. पाय फाकवलेला असला की खांब काँक्रीटमधून वर उपसला जात नाही.

हे फाकवलेले पाय लक्षात ठेवा.

मोजणीबद्दल एवढंच : हद्द कायम करून घेतल्याशिवाय एकही खड्डा मारू नका. ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात ठेवा आणि खांब हद्दीच्या दगडांपासून थोडे आतच घ्या, म्हणजे तिरपा टेका देताना शेजाऱ्याच्या बांधावर पाय पडत नाही. भांडणं खांबावरून होत नाहीत, टेक्यावरून होतात.

मजुरीचं काम एका ठेकेदाराला दिलं. खांबामागे दर, सिमेंट-खडी माझी. माणूस बोलायला गोड. जुलैमध्ये चुलत्यांचा फोन आला, “अरे, तुझा खालचा कोपरा वाकलाय, तारा लोंबताहेत.” गेलो. कोपऱ्याचा खांब आत झुकलेला, त्याच्या शेजारचे दोन त्याच्याबरोबर. ओळंबा लावायची गरजच नव्हती. आणि त्याच दिवशी चुलत्यांच्या पडवीमागे, निळ्या ताडपत्रीखाली, मला माझ्या खांबांचे पाय सापडले. फूट-फूटभराचे कापलेले तुकडे, टोकाला व्यवस्थित फाकवलेले, जस्त चकाकतंय. वरच्या बाजूला कातळ लागला म्हणून गड्यांनी खड्डा खोल करायच्या ऐवजी कटरने खांबच आखूड केले होते. वर सगळीकडे सहा फूट दोरीत दिसत होतं, मग कोणाला काय कळणार!

ठेकेदाराला फोन केला. “साहेब, कातळ लागला, काय करणार?” मी म्हटलं, विचारायचं होतं. “रेंज नव्हती साहेब.” बरं, तुकडे इथे का झाकून ठेवले? “भंगार आहे ते.” माझ्यासाठी ते भंगार नव्हतं. फूटभराचा तुकडा 900 ग्रॅमच्या वर भरतो. तीसेक तुकडे धरा, म्हणजे पंचवीस-सत्तावीस किलो नवं गॅल्व्हनाइज केलेलं लोखंड मी कळंबोलीहून आणून, टेम्पोचं भाडं भरून, डोक्यावर वाहायला मजुरी देऊन, ठेकेदाराच्या भंगारवाल्यासाठी आणलं होतं. बायको म्हणाली, दोन-अडीच हजारांसाठी किती दिवस जीव जाळणार आहेस? रकमेचा प्रश्नच नव्हता. खरं म्हणजे रकमेचाही होता.

तेव्हा माझं ठाम मत होतं की खांब कापले म्हणून कुंपण पडलं. नियम सगळीकडे तोच वाचलेला : आठ फुटी खांबाचे दोन फूट जमिनीत, कोपऱ्याचे आणखी खोल. ठेकेदाराने नियम मोडला, कुंपण वाकलं, खटला संपला.

मग दसऱ्याच्या सुमारास शांतपणे एकेक खांब हलवून बघितला, आणि गाडी इथे अडली. कातळावरचे कापलेले खांब, ज्यांच्यासाठी मी भांडत होतो, ते तसूभरही हलत नव्हते. अंगाचा भार टाकला तरी नाही. वाकले होते ते खाचरातले, पूर्ण दोन फूट पुरलेले, फाकवलेल्या पायांचे, नियमाप्रमाणे ‘बरोबर’ लावलेले.

कारण शोधल्यावर सोपं निघालं. घट्ट कातळात फूटभर खोल खोबण पाडून तीत सिमेंट जास्त घातलेला माल ठासला, तर खांबाला कातळच धरतो. आणखी खोल जाऊन काही फार मिळत नाही. खाचरातली चिकण माती उन्हाळ्यात आकसते आणि काँक्रीटच्या गोळ्याभोवती बोट जाईल एवढी फट सोडते. जूनमध्ये त्या फटीत पाणी शिरतं, माती फुगून मऊ पडते, आणि गोळा चिखलात नुसता उभा असतो. वर पाच पदरी तार त्याला रात्रंदिवस आत ओढते. अशा जमिनीत दोन फूट काहीच नाहीत. म्हणजे नियम जमीन बघून लावायचा, फूटपट्टी बघून नव्हे. याचं श्रेय ठेकेदाराला नाही. त्याने कातळात खांब कापले ते कष्ट वाचवायला, ज्ञानाने नाही. आणि लोखंड तरीही माझंच होतं.

खाचरात ठेकेदाराचे खरे दोष वेगळेच निघाले. पहिला, काँक्रीट संध्याकाळी ओतलं आणि सकाळी तार ओढली. काँक्रीटला निदान आठवडाभर तरी ओलं ठेवून सोडायला हवं. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पूर्ण ताकदीला अठ्ठावीस दिवस धरतात. माथ्यावर ओलं गोणपाट टाकून चुलत्यांना रोज एक कळशी ओता म्हटलं असतं तर त्यांनी ओतली असती. ठेकेदार म्हणाला, गडी परत आणायला परवडत नाही.

दुसरा, कोपऱ्याचा तिरपा टेका. मधल्या खांबावर दोन्हीकडून सारखा ताण असतो, म्हणून तो जवळजवळ शोभेला उभा असतो. सगळा भार कोपऱ्यावर, गेटवर आणि जिथे रेषा वळते तिथे. तिथे तारेच्या रेषेत, दोन दिशांना दोन टेके लागतात, खांबाच्या निम्म्याच्या बरेच वर बोल्ट केलेले, आणि टेक्याच्या पायालाही स्वतःचं काँक्रीट. माझ्या कोपऱ्याला एकच टेका, आणि त्याचा पाय चिखलात ठेवलेल्या दगडावर! पहिल्या मोठ्या पावसात दगड खाली गेला, टेका सैल झाला, पुढचं तारेने केलं.

तिसरा, सिमेंट. एक-दोन-चारच्या (सिमेंट, वाळू, खडी) मालात फूट बाय फूट, दोन फूट खोल असे जेमतेम तीन खड्डे एका गोणीत होतात. रिकाम्या गोण्या मोजल्या, त्याने साधारण दुप्पट खड्डे भरले होते. गोण्या मोजायची सवय लावून घ्या, लाजू नका.

आता ढाळ. याबद्दल मला कोणीच सावध केलं नव्हतं, आणि माझ्या मते अँगलचं आयुष्य यावरच ठरतं. काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन-तीन इंच वर काढून, खांबाच्या अंगापासून चारी बाजूंना थापीने उतार द्यायचा. आमच्याकडे माथा जमिनीबरोबर, आणि हाताने थापल्यामुळे खांबाभोवती किंचित खोलगट, वाटीसारखा. वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात त्या वाटीत चार महिने पाणी, पानं आणि शेण. पहिल्याच पावसाळ्यानंतर तिथे जस्तावर पांढरी भुकटी धरली, काही ठिकाणी तांबूस कडाही दिसायला लागली. त्याच खांबाचा वरचा भाग अजून नव्यासारखा आहे. सहा फूट लोखंड धड, आणि गळ्याशी दीड इंच कुजतंय. अँगल खालीच मोडतो असं जे लोक म्हणतात ते या दीड इंचामुळे. जिथे ढाळ नीट होता (एका गड्याने स्वतःहून दिला होता, कोणी ते कळलं नाही, नाहीतर त्याला वेगळी बिदागी दिली असती) तिथे भुकटीही नाही.

दुरुस्ती मी दिवाळीनंतर गावातल्या गवंड्याकडून करून घेतली. तेव्हा जमिनीत ओल असते, पहार चालते. एप्रिलपर्यंत थांबलात तर तीच माती विटेसारखी होते आणि मजुरी वाढते. खाचरातल्या कोपऱ्यांना 50 बाय 50 बाय 6 चे नऊ फुटी अँगल घेतले, मीटरला साडेचार किलोचे. खड्डा तीन फूट, खाली वरच्यापेक्षा रुंद, तळाला खडीचा थर. टेके दोन-दोन, पायाला काँक्रीट. काढलेले जुने खांब वरच्या बाजूला, जिथे अंतर जास्त ठेवलं होतं तिथे मध्ये घातले. बाकीच्या सगळ्या खांबांच्या वाट्या तासून, साफ करून, वर नवा माल चढवून ढाळ दिला. तांबूस झालेल्या जागा तारेच्या ब्रशने घासून झिंकचा रंग मारला. तो मूळ थराची बरोबरी करत नाही, पण काहीच नसल्यापेक्षा बरा. ठेकेदाराने खालच्या तारेसाठी जाग्यावर ड्रिल मारून पाडलेल्या भोकांतूनही तांबडे ओघळ आले होते, त्यांनाही तोच उपाय.

दुसऱ्या पावसाळ्यात एकही खांब हलला नाही. ऑगस्टमध्ये दोन म्हशी खालच्या तारेवर रेलून अंग घासत होत्या असं चुलते म्हणाले, तरी कोपरा जागचा जागी. तार बाहेरच्या अंगाने बांधा, म्हणजे गुरांचा रेटा खांबावर येतो, बांधायच्या तारेवर येत नाही. गेटच्या खांबाला मात्र अँगल वापरू नका. गेटच्या दाराचं वजन रोजच्या उघडझापीत त्याला पीळ देतं. मी 75 चा चॅनेल, म्हणजे सी आकाराचा जाड खांब लावला.

रानडुकरांना हे कुंपण अडवत नाही, आधीच सांगतो. ती खालच्या तारेखालून माती उकरून येतात. शेजारच्याने सोलर झटका मशीन बसवलंय, त्याचा एक हंगाम बघून ठरवीन.

एकूण खर्चात दुरुस्ती धरली तरी सिमेंटच्या पोलांपेक्षा मला स्वस्तच पडलं, वाहतुकीमुळे. जागेपर्यंत गाडी जात असेल तर तुमचा हिशोब उलटा येऊ शकतो. आणि मजुरीचा चौथा हिस्सा पहिला पाऊस होऊन जाईपर्यंत हातात ठेवा, तोंडी नको, कागदावर लिहून. मी ठेवला होता. त्यातून तुकड्यांचे पैसे नव्या मालाच्या भावाने कापून उरलेले देतो म्हटलं, तर तो भंगाराच्या भावावर अडून बसलाय. गेल्या आठवड्यात परत फोन आला होता. म्हटलं, वजनकाट्यावर भेटू, तुकडे घेऊन ये.