जाहिराती चालवायच्या नसतील तर: अफिलिएट मार्केटिंगमधील नोकऱ्यांची तुलना, नागपूरच्या उमेदवारासाठी

अफिलिएट मार्केटिंग, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या वस्तूचा दुवा देऊन झालेल्या विक्रीवर कमिशन मिळवणे, म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यासमोर स्वतःच्या खिशातून फेसबुक-गूगलवर पैसे लावणारा आणि विक्री झाली तरच कमिशन मिळवणारा माणूस येतो. ज्यांच्याजवळ तेवढे भांडवल नाही किंवा ज्यांना ही रोजची धाकधूक मानवत नाही, त्यांच्यासाठी याच व्यवसायात पगारी जागा असतात: जाहिरातदार कंपनीत, जाहिरातदार आणि पब्लिशर यांना जोडणाऱ्या नेटवर्कमध्ये, कोणती विक्री कोणाच्या दुव्यातून झाली हे नोंदवणारे ट्रॅकिंगचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आणि मोठ्या पब्लिशरकडे (पब्लिशर म्हणजे दुवे देऊन ग्राहक पाठवणारा अफिलिएट). नागपुरात राहून यातली एखादी जागा धरू पाहणाऱ्या पदवीधराला डोळ्यासमोर ठेवून पुढील तुलना केली आहे. नागपूरचा उल्लेख येथे महत्त्वाचा आहे, कारण या व्यवसायातील भारतीय कंपन्यांची कार्यालये मुख्यतः दिल्लीच्या आसपास, मुंबईत किंवा बंगळुरूत आहेत. नागपूरच्या मिहान प्रकल्पात आयटी कंपन्या आहेत, पण त्यांचे काम वेगळे. त्यामुळे घरून होणारे काम कोणते आणि शहर सोडायला लावणारे कोणते, हा प्रश्न पगाराच्या आधी येतो.

नोकरीच्या सर्वाधिक जाहिराती निघतात त्या अफिलिएट मॅनेजरच्या पदासाठी. नवे पब्लिशर शोधणे, कमिशनचा दर ठरवणे, कूपन कोड वेळेवर पोहोचवणे आणि ‘माझी विक्री नोंदलीच गेली नाही’ ही तक्रार शांतपणे ऐकून घेणे, असा त्याचा दिवस जातो. कळमन्याच्या बाजारातील अडत्याप्रमाणे त्याला दोन्ही बाजूंचा विश्वास सांभाळावा लागतो, आणि भाव पडला की बोल त्यालाच लागतात. खरी परीक्षा व्हॅलिडेशनच्या, म्हणजे कमिशन पक्के करण्याच्या, वेळी होते. ग्राहकाने वस्तू परत करण्याची मुदत संपेपर्यंत कंपनी कमिशन पक्के करत नाही. मग रद्द झालेल्या ऑर्डर वजा होतात आणि पब्लिशरच्या हाती अपेक्षेपेक्षा कमी रक्कम पडते. ही वजावट समजावून सांगताना ज्याचा स्वर बिघडत नाही, तोच या पदावर टिकतो. मराठी आणि हिंदी दोन्हींत सहज वावरणाऱ्या नागपूरकराला येथे उपजत फायदा आहे, कारण देशातील पब्लिशरांशी बरेचसे बोलणे हिंदीतच चालते. मात्र पगाराचा एक हिस्सा बहुधा टार्गेटवर अवलंबून असतो, दिवाळीच्या सेलमध्ये सुट्टी मागण्याची सोय नसते, आणि वर चढायचे तर भेटीगाठींसाठी गुरुग्राम-मुंबईच्या फेऱ्या टळत नाहीत. घरून सुरुवात करता येते. घरूनच प्रमुखपदापर्यंत पोहोचणे कठीण आहे.

ट्रॅकिंग आणि इंटिग्रेशनचे (जाहिरातदाराची यंत्रणा ट्रॅकिंगशी जोडून देण्याचे) काम याच्या अगदी उलट स्वभावाचे आहे. ग्राहकाने दुव्यावर क्लिक केले की त्या क्लिकला एक क्रमांक मिळतो. खरेदी झाली की जाहिरातदाराचा सर्व्हर तोच क्रमांक ट्रॅकिंग कंपनीच्या सर्व्हरला परत कळवतो. याला पोस्टबॅक म्हणतात. पूर्वी हे काम ब्राउझरमधील पिक्सेल (पानावरची अदृश्य नोंदखूण) आणि कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी नोंद) यांवरच भागत असे. सफारीने मार्च 2020 मध्ये तृतीय-पक्ष कुकी (उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांनी टाकलेल्या) पूर्णपणे रोखल्या, एप्रिल 2021 मध्ये आयफोनवर ॲपना मागोवा घेण्यापूर्वी परवानगी विचारणे बंधनकारक झाले, आणि सर्व्हरकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या नोंदीचे महत्त्व वाढले. गूगलने मात्र क्रोममधून तृतीय-पक्ष कुकी हटवण्याचा बेत 2024 मध्ये बदलला, त्यामुळे जुनी पद्धतही जिवंत आहे आणि दोन्ही जाणणारा माणूस हवा असतो. यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागतेच असे नाही. वेब पत्त्यातील पॅरामीटर (पत्त्याला जोडलेली माहिती), जेसन (माहिती पाठवण्याचा मजकुराचा साचा), थोडे जावास्क्रिप्ट, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) आणि चाचणीची ऑर्डर टाकून चूक शोधण्याची चिकाटी एवढे पुरेसे ठरते. काम संपूर्णपणे घरून होते. शिवाय हा व्यवसाय सोडावासा वाटला, तर हेच कौशल्य डेटा ॲनालिटिक्सच्या किंवा सॉफ्टवेअर सपोर्टच्या नोकरीत चालते, जे अफिलिएट मॅनेजरच्या ओळखीपाळखींबाबत तितकेसे म्हणता येत नाही. उणीव आहे ती वेळेची: ग्राहक कंपनी अमेरिकेतील असेल, तर आपली रात्र हाच तिचा दिवस. मुलाखतीत शिफ्ट कोणती, हे पगाराआधी विचारावे.

तिसरी भूमिका गैरप्रकार-तपासणी आणि नियमपालनाची. माझ्या मते तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. एखादा अफिलिएट ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये नकळत कुकी टाकून न केलेल्या कामाचे कमिशन उकळतो. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेच्या अशाच प्रकरणात अमेरिकेत 2014 साली तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. दुसरा एखादा, गूगलवर जाहिरातदाराचेच नाव शोधले की स्वतःची जाहिरात दिसावी म्हणून बोली लावतो, म्हणजे जो ग्राहक आपणहून दुकानाकडे निघाला होता त्याला वाटेत अडवून स्वतःचा हिस्सा काढतो. हे करणारे लोक हुशार असतात: कंपनीचे मुख्यालय ज्या शहरात आहे ते शहर वगळून, कधी केवळ रात्री, ते जाहिरात दाखवतात. मुंबईच्या कार्यालयात बसलेल्याला जी जाहिरात कधीच दिसत नाही, ती नागपूरच्या धरमपेठेतील मोबाइलवर दिसू शकते. राजधान्यांपासून दूर राहणे ज्या कामात उपयोगी पडते, असे हे विरळा काम आहे.

या पदाला कायद्याचीही जोड आहे. जाहिरात मानक परिषदेची (जाहिरात उद्योगाची स्वनियमन संस्था, एएससीआय) समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे 14 जून 2021 पासून लागू झाली. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशींबाबत स्वतःची तत्त्वे काढली. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अशा जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून पब्लिशरने ‘या दुव्यातून मला कमिशन मिळते’ हे स्पष्ट लिहिले आहे का, हे तपासणारा माणूस कंपनीला परवडतो. विधी शाखेच्या पदवीधरांनी इकडे पाहायला हरकत नाही. अडचण अशी की थेट नवख्यांसाठी जागा थोड्या निघतात, आणि विक्री वाढवू पाहणाऱ्या मॅनेजरशी खटके उडतात. आपण अडवलेला पब्लिशर त्याच्या टार्गेटचा मोठा हिस्सा असतो, आणि ते तो विसरू देत नाही.

उत्पादनांची परीक्षणे, तुलना आणि कूपनची पाने लिहिणाऱ्या संपादकाच्या कामात प्रवेश सर्वांत सोपा आणि जमीन सर्वांत भुसभुशीत. शोधयंत्राच्या धोरणात बदल झाला की वाचक एका रात्रीत आटतात. गूगलने मे 2024 पासून मोठ्या संकेतस्थळांच्या नावाचा आधार घेऊन चालवलेल्या कूपन विभागांवर कारवाई सुरू केली, तेव्हा नामांकित वृत्तपत्रांचे असे विभागही शोधातून खाली गेले. लेखनाची आवड असेल तर वर्ष-दोन वर्षे जरूर करावे, पण त्या काळात आकडे वाचायला शिकावे. वाणिज्य पदवीधरांसाठी पब्लिशरांची देयके, टीडीएस आणि 18 टक्के जीएसटी सांभाळणारी हिशेबाची जागाही असते. ती स्थिर आहे, पण त्यात अफिलिएट असे फारसे काही नाही.

बोलण्यात रस असलेल्या आणि दोन-चार वर्षांत शहर सोडण्याची तयारी असलेल्या उमेदवाराने मॅनेजरचे पद घ्यावे, त्यात पैसा लवकर दिसतो. ज्याला नागपुरातच राहायचे आहे, त्याच्यासाठी मी ट्रॅकिंगला प्राधान्य देईन, आणि तपासणीत रस असेल तरीही सुरुवात तिथूनच करायला सांगेन. क्लिक आणि ऑर्डर यांच्यातील संशयास्पद अंतर सर्वांत आधी ज्याला दिसते तो इंटिग्रेशनवालाच असतो, आणि तपासणी विभागात जागा रिकामी झाली की कंपनी पहिल्यांदा त्यालाच विचारते. पद कोणतेही असो, नेमणूकपत्र स्वीकारण्याआधी एक प्रश्न विचारावा: पब्लिशरशी कमिशनवरून वाद झाला तर शेवटचा निर्णय कोण देतो? या प्रश्नाला ठाम उत्तर नसलेल्या कंपनीत मॅनेजरचे पद तरी घेऊ नये, कारण तिथे तो निर्णय दर महिन्याला फोनवर त्यालाच निभावून न्यावा लागतो.