कोजागिरी पाण्यावर: महेश्वर की हनुवंतिया?

धाकट्या नणंदेला यंदा कोजागिरी गच्चीवर नको, पाण्यावर हवी. नर्मदेकाठचं महेश्वर की इंदिरासागर धरणाच्या काठचं हनुवंतिया, तेवढंच ठरेना. आम्ही दोन्हीकडे जाऊन आलोय.

इंदूरहून महेश्वर नव्वदेक किलोमीटर, हनुवंतिया सव्वाशेच्या वर. खर्चालाही महेश्वर हलकं: नाव वाटून घेता येते, साधी खोली पुरते. हनुवंतियाला तंबूत राहायचं, त्याचं भाडंच जास्त; शिवाय तंबू लागलेत का, ते आधी फोन करून विचारावं लागतं.

चंद्राचं म्हणाल, तर पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास चंद्र उगवतो. महेश्वरला नर्मदा पश्चिमेकडे वाहते. दिवस असतानाच नावेत बसा: एकीकडे लाल पाणी, दुसरीकडे वर येणारा चंद्र, मधे बाणेश्वराचं छोटं देऊळ. वल्हं थांबलं की घाटावरच्या घंटा पाण्यावरून ऐकू येतात. अंधारात नाव काढायचा हट्ट मात्र नको, आणि लाइफ जॅकेट घालायचंच.

हनुवंतियाला इंदिरासागरचा जलाशय नजर पोचेल तिथवर. रात्रभर मोकळं आकाश, तंबूबाहेर केशरी दुधाचं पातेलं. वारा बोचतो, शाली न्याव्यात.

सासूबाई आणि लहान मुलं बरोबर असतील तर महेश्वर; घाटाच्या पायऱ्यांवर त्यांना हात द्यायचा. पहाटेपर्यंत गाणी म्हणणारी दहा-बारा मंडळी जमली, तर हनुवंतिया.