फुकटचे ग्रंथ आणि विकतची शिकवणी: नौकानयनाच्या ऑनलाइन अभ्यासाविषयी, अमळनेरहून

भाच्याला डीएनएस (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स) या जहाजावरील अधिकारी होण्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आणि वर्ग सुरू होण्याआधी घरबसल्या थोडी तयारी व्हावी म्हणून ताईने त्याच्यासाठी एका ऑनलाइन शिकवणीचा पहिला हप्ता भरला. मी जहाजावर सेकंड ऑफिसर असून सध्या साइन ऑफ होऊन, म्हणजे जहाजावरून उतरून, अमळनेरला घरी आहे आणि फर्स्ट मेट या पुढच्या पदाच्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे. त्यामुळे महिनाभर तो त्याच्या व्हिडिओंसमोर आणि मी माझ्या पीडीएफसमोर असे आम्ही एकाच टेबलावर बसलो. खानदेशात शंका विचारायला गल्लीत जहाजावरचा माणूस सहसा सापडत नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो.

शिकवणीचा आवाज स्वच्छ आहे, आकृत्या रंगीत आहेत. परंतु टक्कर टाळण्याच्या नियमांवरील पाठ कानावर पडला तेव्हा मी व्हिडिओ थांबवायला लावला. समोरासमोर येणाऱ्या जहाजाने दिलेल्या एका आखूड भोंग्याचा अर्थ 'तुम्हाला माझ्या डाव्या बाजूला ठेवून जाण्याचा माझा इरादा आहे' असा त्यात सांगितला होता. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील नियम ३४ नुसार, एकमेकांना दिसणाऱ्या जहाजांमध्ये एक आखूड भोंगा म्हणजे 'मी उजवीकडे वळत आहे', आणि इरादा कळवणारा अर्थ हा अमेरिकेच्या अंतर्गत जलमार्गांपुरता आहे. हा घोटाळा कोठून आला असावा याचा मला अंदाज आहे, कारण अमेरिकी तटरक्षक दलाची नियमपुस्तिका मोफत मिळते आणि तिच्यात डाव्या पानावर आंतरराष्ट्रीय व उजव्या पानावर अंतर्गत नियम समोरासमोर छापलेले असतात. पुस्तिका उत्तम आहे, मी स्वतः तीच वापरतो. मात्र आपल्या मुलांनी ती उजवे पान झाकूनच वाचावी. शिकवणीला चूक कळवली, तेव्हा 'आपला अभिप्राय नोंदवला आहे' असे उत्तर आले आणि व्हिडिओ आजही तसाच आहे.

'अमेरिकन प्रॅक्टिकल नॅव्हिगेटर', ज्याला सगळे बाउडिच म्हणतात, हा १८०२ पासून निघणारा ग्रंथही मोफत उतरवून घेता येतो. २०१९ ची आवृत्ती दोन खंडांत आहे. भरती-ओहोटी, होकायंत्र आणि ग्रहताऱ्यांवरून स्थान काढणे ही प्रकरणे इतकी निगुतीने लिहिली आहेत की मी जे पूर्वी नुसते पाठ केले होते, ते या वेळी समजून घेतले. आपल्याकडे मात्र हात नॉरीजच्या टेबल्सवर (नौकानयनाच्या गणिती कोष्टकांवर) बसलेला असतो, त्यामुळे गणिते सोडवण्याचा सराव बाउडिचवरून करू नये.

स्टॅबिलिटीसाठी, म्हणजे जहाजाच्या स्थैर्याच्या विषयासाठी, माझी शिफारस थोडी वेगळी आहे. केएममधून (तळापासून मेटासेंटरची उंची) केजी (तळापासून गुरुत्वमध्याची उंची) वजा केला की जीएम, म्हणजे स्थैर्याचे माप, मिळतो, हे सूत्र कोणीही सांगेल. ते न मोजता निघाले तर काय होते, हे ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाच्या मोफत अहवालांत वाचावे. 'होएग ओसाका' हे मोटारवाहू जहाज ३ जानेवारी २०१५ रोजी साउदॅम्प्टनहून निघाले आणि थोड्याच वेळात वळण घेताना कलंडून वाळूच्या पट्ट्यात रुतले. बॅलास्टचे (तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या पाण्याचे) आकडे अंदाजाने धरले होते आणि निघण्यापूर्वी स्टॅबिलिटीचा अचूक हिशेबच झाला नव्हता. भाच्याने हा अहवाल दोन बैठकांत संपवला, शिकवणीचा त्याच विषयावरचा पाठ मात्र अर्ध्यावर सोडला.

जहाजाचे दिवे कोणत्या कोनातून दिसतात हे पडद्यावर कोणालाच नीट शिकवता येत नाही, असे माझे मत झाले आहे. भारनियमनाच्या एका रात्री आम्ही घराच्या धाब्यावर (गच्चीवर) खाटेला तीन बॅटऱ्या बांधल्या. डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा जिलेटिन कागद लावला, मागे साधा पांढरा उजेड ठेवला, आणि कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजून पुठ्ठ्याचे आडोसे केले, म्हणजे बाजूचे दिवे प्रत्येकी ११२.५ अंशांत आणि मागचा १३५ अंशांत दिसेल. भाचा खाटेभोवती फिरत होता. हिरवा मावळला आणि पांढरा उगवला त्या जागी तो थांबला व म्हणाला, "मामा, म्हणजे नुसता पांढरा दिसला की मी मागून येतोय, आणि बाजूला व्हायचं तेही मीच." मागून येऊन पुढे जाणाऱ्या जहाजाविषयीचा नियम १३ त्याला त्याच क्षणी कळला.

आणखी एक बाब पालकांनी ध्यानात ठेवावी. आग विझवणे, पाण्यात जीव वाचवणे, प्रथमोपचार ही एसटीसीडब्ल्यूची (खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची) मूलभूत प्रशिक्षणे नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतच पूर्ण करावी लागतात; खासगी शिकवणीचे रंगीत प्रमाणपत्र तेथे चालत नाही.

ताईने दुसरा हप्ता भरू का असे विचारले, तेव्हा मी नको म्हणालो. त्याऐवजी बाउडिचमधली लागणारी प्रकरणे आणि नियमपुस्तिकेची फक्त डावी पाने झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल करून घेतली, कारण मोबाइलच्या पडद्यावर असले ग्रंथ वाचवत नाहीत.