कर्जत स्थानक: जिथे लोकल संपते आणि घाट सुरू होतो

कर्जतला लोकल संपते, कारण पुढे पुण्याकडे चढणारा बोरघाट आहे. मुंबईच्या सीएसएमटीपासून १०० किलोमीटरवरच्या या स्थानकाबद्दल चांगलं-वाईट जे बोलायचं, त्याचं मूळ याच एका गोष्टीत आहे. गाड्या इथे का थांबतात, खोपोलीची लोकल का चुकते, पुण्याची गाडी समोर उभी असूनही तिच्यात का चढता येत नाही, सगळं शेवटी घाटापाशी येतं.

आधी थोडा इतिहास. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८५४ मध्ये कल्याणला आणि १८५६ मध्ये पळसदरीमार्गे खोपोलीला पोचले. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला बोरघाट प्रवाशांना डोलीतून किंवा घोड्यावरून ओलांडावा लागे. घाटाचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येताच वारला आणि पुढचं काम त्याची बायको अ‍ॅलिस हिने मार्गी लावलं. १८६३ मध्ये घाटातून गाड्या धावू लागल्या. मुख्य टोक असलेली खोपोली त्या दिवसापासून फाट्यावर पडली आणि पायथ्याच्या कर्जतचा भाव वधारला.

घाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. प्रवासी डब्यात बसून ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण रेल्वेच्या हिशेबात भयंकर आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर लागतात. बँकर म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं. गाडीच्या वजनाप्रमाणे दोन किंवा तीन. ही इंजिनं पुढेच का जोडत नाहीत? सगळा ओढा पुढून घेतला तर पुढच्या डब्यांच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यावर, इतका ताण येतो की ते तुटू शकतं. मागून ढकललं की ताण वाटला जातो, आणि कपलिंग तुटलंच तरी मागचे डबे उतारावरून घरंगळत नाहीत. बँकर शेवटच्या डब्याला जोडायचे, ब्रेकचा पाइप जोडायचा, पुढून मागपर्यंत दाब नीट येतोय का ते तपासायचं, मग सिग्नल. लोणावळ्याला ते सुटतात. मुंबई–सोलापूर वंदे भारतला हे काही लागत नाही, कारण तिच्या निम्म्या डब्यांखालीच मोटरी आहेत.

गंमत अशी की घाट चढणारी गाडी रेल्वेच्या भाषेत ‘डाउन’ आणि उतरणारी ‘अप’. मुंबईपासून दूर जाते ती डाउन, मग ती डोंगरावर का चढेना!

नवख्या माणसाची फसगत इथेच होते. बँकरसाठी थांबलेली प्रत्येक गाडी कर्जतच्या प्रवाशांसाठी थांबलेली नसते. हा तांत्रिक थांबा असतो. वेळापत्रकात कर्जतचा थांबा छापलेला नसेल तर इथून त्या गाडीचं आरक्षण मिळत नाही. गाडी दिसली म्हणून चढू नये, आधी थांबा तपासावा.

आता लोकल. इंडिकेटरवर ‘एस’ म्हणजे कर्जत, ‘एन’ म्हणजे कसारा. रेल्वे या दोन लाइनींना साउथ ईस्ट आणि नॉर्थ ईस्ट म्हणते, त्याची ही अक्षरं. कल्याणला दोन्ही फुटतात, त्यामुळे अक्षर चुकलं तर थेट शहाड-टिटवाळ्याची वारी. जलद लोकल सीएसएमटीहून साधारण दोन तास घेते, धीमी त्याहून जास्त. पण ‘जलद’ हे कल्याणपर्यंतच. पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, प्रत्येक ठिकाणी थांबा. बदलापूरच्या पुढे दोनच रूळ, आणि त्यांवर लोकल, मेल-एक्स्प्रेस, मालगाडी सगळ्यांची रांग. एक मालगाडी अडकली की मागच्या लोकलचं वेळापत्रक गेलंच.

सकाळी कर्जतहून बसणाऱ्याला जागा मिळते, हा या स्थानकाचा खरा फायदा. बदलापूर येईपर्यंत तिघांच्या बाकावरची चौथी सीटही भरलेली असते. म्हणून मधल्या स्थानकांवरचे काहीजण उलटे डाउन गाडीने येऊन जागा धरतात. त्यांनी पास कर्जतपर्यंतचा काढलेला बरा, कारण पास बदलापूरपर्यंतचाच असेल तर पुढचा प्रवास विनातिकीट धरला जातो आणि भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड बसतो. मोबाइलवर तिकीट काढणाऱ्यांनी ते स्थानकात शिरण्याआधी काढावं.

खोपोलीची सेवा मात्र दुबळी आहे. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली असा एकेरी मार्ग. समोरून गाडी येऊन मोकळं झाल्याशिवाय दुसरी सोडता येत नाही, त्यामुळे फेऱ्या मोजक्या. सीएसएमटीहून थेट खोपोली लोकल आहेत, पण थोड्या. बाकी कर्जतला बदलायचं. मुंबईहून येणारी लोकल दहा मिनिटं उशिरा आली तर खोपोलीची गाडी तिच्यासाठी थांबेलच असं नाही, आणि पुढचीसाठी तासभर किंवा त्याहून जास्त बसावं लागतं. परतीची शेवटची गाडी आधी पाहून ठेवावी, मग निघावं. माथेरानला जाणाऱ्यांनी तर इथपर्यंत येऊच नये, छोटी गाडी नेरळहून सुटते.

पनवेलकडे जायला सध्या एकेरी रूळ आहे आणि त्यावर लोकल नाही. एमयूटीपी ३ मध्ये, म्हणजे मुंबईच्या उपनगरी रेल्वे वाढवण्याच्या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात, २९.६ किलोमीटरचा दुहेरी उपनगरी मार्ग घेतला आहे: पनवेल, चिखले, मोहपे, चौक, कर्जत. वावर्ल्याचा बोगदा अडीच किलोमीटरहून लांब आहे. कल्याणचा वळसा टाळून नवी मुंबई गाठता आली तर कर्जतच्या नोकरदाराचं आयुष्य खरंच बदलेल.

पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी कोंडी होते. वर घाटात दरड आली की पुण्याच्या गाड्या बंद. खाली उल्हास नदी रुळांच्या जवळून वाहते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली ती इथेच. जोराच्या पावसात बदलापूरपर्यंतच लोकल चालू असल्याची घोषणा झाली तर कल्याणलाच विचार करावा, पुढे जाऊन अडकण्यात अर्थ नाही.

खाण्याचं विचाराल तर कर्जतचं एकच उत्तर: दिवाडकरांचा वडा. बँकर लागेपर्यंतची मिनिटं त्यासाठी पुरतात, फक्त सुट्टे पैसे हातात तयार हवेत. मागून एक हलका धक्का बसला की समजायचं, इंजिन जोडलं. मग फलाटावरचा पाय आत घ्यायचा, चटणी नंतर पुसता येते.